‘एमआरआयमध्ये फाटलंय, लगेच ऑपरेशन करा’ या मेसेजला उत्तर

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खांदा, कोपर, मनगट दुखलं की आधी एमआरआय काढा. फाटलेलं दिसलं तर लगेच दुर्बिणीतून ऑपरेशन करा, नाहीतर हात कायमचा जाईल. टेनिस एल्बो, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं, एका इंजेक्शनने मुळापासून बरा होतो. मनगट मोडलं तर प्लेट बसवावीच लागते. व्यायाम म्हणजे वेळकाढूपणा. मी दादरला फिजिओथेरपिस्ट आहे आणि हे वाचून धास्तावलेली माणसं मला रोज भेटतात. म्हणून एकेक दावा तपासू.

आधी एमआरआय. खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ जणांचे एमआरआय काढून केलेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ३४ टक्के लोकांच्या रोटेटर कफमध्ये, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांमध्ये, फाट सापडली. साठीपुढच्यांत हेच प्रमाण ५४ टक्के होतं. तेव्हा साठीतल्या बाईंच्या रिपोर्टवर ‘टेअर’ लिहिलंय, एवढ्यावरून दुखणं त्याचंच, असं ठरत नाही. हात वर जातो का, पाठीमागे ब्लाउजच्या हुकापर्यंत पोचतो का, जोर लावल्यावर टिकतो का, हे हात धरून तपासल्याशिवाय त्या कागदाला अर्थ नाही.

दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. खांद्याच्या वरच्या हाडाचा कंगोरा खालच्या कंडरेवर घासतो, तो तासला की दुखणं थांबेल, या समजुतीवर जगभर असंख्य ऑपरेशनं झाली. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ३१३ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचं हाड तासलं. दुसऱ्या गटाला भूल दिली, दुर्बीण आत घातली, पण काहीच तासलं नाही. आपल्यावर यातलं नेमकं काय झालं, हे या दोन्ही गटांतल्या रुग्णांना माहीत नव्हतं. तिसऱ्या गटावर काहीच उपचार केले नाहीत. सहा महिन्यांनी पाहिलं तर हाड तासलेले आणि न तासलेले सारखेच. उपचार न घेतलेल्यांपेक्षा दोघेही किंचित बरे, पण तो फरक रोजच्या जगण्यात जाणवावा एवढा नव्हता. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं. त्याच वर्षी फिनलंडमधल्या अशाच अभ्यासातूनही हेच निघालं आणि २०१९ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने हे ऑपरेशन करू नका, असा स्पष्ट सल्ला दिला. नुसती दुर्बीण आत जाऊ द्यायला जे रुग्ण तयार झाले, त्यांचे आपल्यावर फार मोठे उपकार आहेत.

हा निष्कर्ष हळूहळू सुरू झालेल्या दुखण्याचा. लोकलमधून उतरताना पडून चाळिशीतल्या माणसाचा हात अचानक वर जाईनासा झाला, तर गोष्ट वेगळी. तिथे थांबू नये, लवकर ऑर्थोपेडिक सर्जनला दाखवावं.

‘हात कायमचा जाईल’ ही भीती जखडलेल्या खांद्याच्या (फ्रोझन शोल्डर) रुग्णांना सगळ्यात जास्त छळते, आणि मधुमेह असणाऱ्यांत हा आजार बराच दिसतो. ब्रिटनमधल्या ५०३ रुग्णांच्या अभ्यासात इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा मोकळा करणं आणि दुर्बिणीने सांध्याचं आवरण सोडवणं, असे तीन उपचार ताडून पाहिले. वर्षभरानंतर यातला कुठलाच उपचार इतरांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. हे २०२० सालचं संशोधन आहे.

आता टेनिस एल्बोचं इंजेक्शन. स्टेरॉइडने पहिले काही आठवडे खरंच आराम पडतो, म्हणूनच लोकांचा त्यावर विश्वास बसतो. पण ऑस्ट्रेलियातल्या १६५ रुग्णांचा २०१३ सालचा अभ्यास सांगतो, की वर्षभरात स्टेरॉइड घेतलेल्या ५४ टक्के लोकांचं दुखणं उलटलं; औषध नसलेलं इंजेक्शन घेतलेल्यांत फक्त १२ टक्के. मुळापासून जाणं तर दूरच राहिलं. कपडे पिळणं आणि जड पिशव्या उचलणं काही काळ कमी करून, हळूहळू वजन वाढवत केलेला व्यायाम मला इथे जास्त भरवशाचा वाटतो.

मनगटाचं थोडक्यात. सरकलेलं हाड बाहेरूनच जागेवर बसत असेल, तर हाड धरून ठेवायला घातलेल्या तारा आणि प्लेट यांत वर्षभराने फरक राहत नाही, हे ४६१ रुग्णांच्या ब्रिटिश अभ्यासात २०१४ मध्येच दिसलं. पुढे ५०० रुग्णांत नुसतं प्लास्टर आणि तारा यांची तुलना झाली. वर्षभराने हात सारखेच चालत होते, पण प्लास्टरवाल्यांपैकी साधारण आठांतल्या एकाला पहिल्या सहा आठवड्यांतच ऑपरेशन लागलं. म्हणून प्लास्टर घातलं तरी सांगितलेल्या तारखेला एक्स-रे चुकवायचा नाही. हाड जागेवर बसतच नसेल किंवा जखम उघडी असेल, तर ऑपरेशन हवंच.

जिथे ऑपरेशनचा खरोखर उपयोग होतो, तो आजार मात्र या मेसेजमध्ये नाहीच. रात्री अंगठा आणि शेजारची बोटं बधिर होऊन झोपमोड होते, तो कार्पल टनेल सिंड्रोम, म्हणजे मनगटात नस दबणं. नेदरलँड्समधल्या १७६ रुग्णांत दीड वर्षाने ऑपरेशनवाले ९० टक्के सुधारले होते, मनगटाला पट्टा बांधणारे ७५ टक्के. सौम्य त्रासात आधी रात्री पट्टा बांधून बघायला हरकत नाही. पण अंगठ्याच्या बुडाशी मांस झिजून खळगा दिसत असेल, हातातून कप निसटत असेल, तर माझ्याकडे व्यायामाला येऊ नका. केईएम, सायन किंवा नायरच्या ऑर्थो ओपीडीत केसपेपर काढा आणि नसांची तपासणी करून घ्या.