अण्णांचा अबोला गोथेनबर्गपर्यंत

2025 च्या जूनमध्ये आपल्या सांगली जिल्ह्यात नीटची तयारी करणारी एक मुलगी वडिलांच्या मारानं गेली. सराव चाचणीत गुण कमी पडले, एवढंच कारण. इथं स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला ती बातमी वाचून मी सांगलीच्या विश्रामबागेत ताईला फोन लावला. पुढं आठवडाभर गावाकडच्या लोकांकडून दोनच मतं ऐकली: बाप राक्षस, नाहीतर परीक्षा राक्षसी. बोलणारा स्वतः मात्र त्यात कुठंच नव्हता.

स्वीडनमध्ये 1979 पासून आईवडिलांनीही मुलावर हात उगारायला कायद्यानं बंदी आहे. असा कायदा करणारा हा जगातला पहिला देश. घरोघरी कळावं म्हणून तेव्हा दुधाच्या खोक्यांवर त्याची माहिती छापली होती. आपल्याकडं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेतल्या माराला बंदी घातली, पण तो घराच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. तो यायला हवा, याबद्दल मला शंका नाही.

पण कायदा हात धरतो, मन नाही. मी माझ्या मुलाला कधीच मारलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात तो गणितात मागं पडतोय, असा त्याच्या बाईंचा निरोप आला. मी रागावलो नाही, गप्प झालो. जेवायला वाढलं, ताट उचललं, दात घासायला सांगितलं, बस्स. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नऊ वर्षांचा पोरगा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, तू परत कधी येणार?" मी त्याच्या समोरच बसलो होतो.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात एक प्रयोग केला होता. काही महिन्यांच्या बाळाशी आईनं आधी खेळायचं आणि मग दोनतीन मिनिटं चेहरा कोरा ठेवून नुसतं बघत राहायचं. बाळ हसून बघतं, हुंकार देतं, हात पुढं करतं. आई परत येत नाही असं दिसलं की मान फिरवतं आणि रडायला लागतं. कुणी बोटही लावलेलं नसतं त्याला.

मुलानं तसं विचारलं, त्या रात्री मला झोप लागली नाही. ही गप्प बसायची रीत मी घरातून घेऊन आलो होतो. दहावीच्या सहामाहीत मी गणितात नापास झालो, तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर ते दिवाणजी होते. संध्याकाळी यायचे, पिवळे झालेले हात धुवायचे, जेवून झोपायचे. काय केलं म्हणजे अण्णा बोलतील, एवढाच विचार मी आठ दिवस करत होतो. तीस वर्षांनी फोनवर विचारलं. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "चिडलो नव्हतो रे. शेठ माणसं कमी करणार होते. त्यात तूही शिकला नाहीस तर काय, ही भीती बसली होती. कुणाला सांगायचं?"

मी त्या भीतीला राग समजत आलो, आणि तीच पोराच्या ताटात वाढत होतो. तीही अशा देशात, जिथं बहुतेक शाळा सहावीच्या आधी श्रेणीसुद्धा देत नाहीत.

लंडनमधल्या एका अभ्यासात गरोदर बायकांना त्यांच्या बालपणाविषयी विचारलं होतं. बाळ वर्षाचं झाल्यावर त्याचं आईशी नातं कसं असेल, हे साधारण चारपैकी तीन वेळा त्या बोलण्यावरून आधीच ओळखता आलं, असं 1991 मध्ये प्रसिद्ध झालं. महत्त्व होतं ते आई आपलं बालपण किती सलगपणे, काही न झाकता सांगू शकते याला. ते सुखाचं होतं की नव्हतं, हा प्रश्न त्यामानानं मागं होता. मला यातून फार धीर आला.

ताई म्हणते, "तुला शांत राहणं परवडतं." खरं आहे तिचं. नीटला सुमारे 22 लाख मुलं बसतात, एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. इथं स्वीडनमध्ये मूल आजारी पडलं तर घरी थांबणाऱ्या आईबापाला पगाराचा मोठा हिस्सा सरकार देतं. कर्जाचे हप्ते आणि क्लासची फी यांत पिचलेल्या माणसाला 'आधी स्वतःच्या मनात बघ' असं इथून सांगताना माझी जीभ अडखळते. तरी सांगतो, कारण "मला काळजी लागलीय, राग तुझ्यावर नाही" या एका वाक्याला पैसे पडले नसते, आणि माझे ते आठ दिवस वाचले असते.

भाची पुढच्या वर्षी नीटला बसतेय. परवा ताई म्हणाली, "निकाल लागला की तू आधी माझ्याशी बोल. तिच्याशी मी नंतर बोलीन."