नाताळातल्या मिसलटोबद्दल खुलासा

नाताळ जवळ आला की एक संदेश फिरू लागतो: दारावर टांगतात ती लाल फळांची मिसलटो ही वनस्पती ज्या झाडावर वाढते, त्याचं सगळं अन्न शोषून त्याला मारते. दोन्ही गोष्टी चूक. लाल फळं हॉलीची, म्हणजे नाताळच्या सजावटीतल्याच दुसऱ्या एका झाडाची. युरोपातल्या मिसलटोची, म्हणजे व्हिस्कम आल्बमची, फळं पांढरी नि चिकट. ती अर्धपरजीवी आहे. सफरचंद, पॉप्लर अशा झाडांच्या फांदीत शोषकमुळं घुसवून पाणी आणि क्षार ओढते, पण हिरव्या पानांत अन्न बरंचसं स्वतःच तयार करते. फार माजली तर फांद्या वाळतात, झाड खंगतं, हे खरं. एखाद्या झुपक्याने धडधाकट झाड मरत नाही. आपल्याकडे आंब्यावर दिसणारं बांडगूळही असंच अर्धपरजीवी, त्याच्या बिया फुलटोच्या पक्षी पसरवतो. आणि हो, सजावटीतली फळं लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, ती पोटाला बाधतात.