मागून आणल्यासारखा

"शर्ट चांगला आहे हो. पण मागून आणल्यासारखा दिसतोय."

हे मला ऐकवलं ते ट्रायल रूमबाहेरच्या स्टुलावर बसलेल्या एका अनोळखी काकांनी. मांडीवर बायकोची पर्स, पायाशी तीन पिशव्या. मी त्यांना काहीही विचारलं नव्हतं. बाहेर आलो होतो ते केवळ आतला आरसा छातीपर्यंतच होता म्हणून. पूर्ण माणूस दिसायला त्याच्या निम्म्या उंचीची काच पुरते, फक्त ती योग्य उंचीवर टांगलेली हवी. ती तशी नसेल तर कितीही मागे सरका, राहिलेला माणूस दिसत नाही. शाळेतलं विज्ञान आहे हे. पण दुकानवाल्यांना गिऱ्हाइकाची वरची बाजू दाखवली की काम झालं असं वाटत असावं.

पार्श्वभूमी थोडक्यात. पंचवीस वर्षं मी फिकट निळे आणि करडे, पूर्ण बाह्यांचे शर्ट खोचून वापरले, कारण विशीत कधीतरी आपण गंभीर आहोत असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. अलीकडे लक्षात आलं की गंभीर वगैरे काही नव्हतो, नुसता अवघडलेला होतो. म्हणून या नव्या शोधाला साजेसा मस्टर्ड रंगाचा, बिनकॉलरचा, मोकळाढाकळा लिननचा शर्ट घ्यायला गेलो होतो. एवढंच.

"मागून म्हणजे?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"म्हणजे थोरल्या भावाचा. अंगाने जाड असलेल्या."

"मला मोकळाच घालायचाय."

"मोकळा निराळा, मोठा निराळा." काका उठले. पर्स खाली कुठे ठेवणार, म्हणून स्वतःच्या खांद्याला लावली आणि माझ्या खांद्यात बोट खुपसलं. "हे हाड लागतंय? शिवण इथे यायला हवी. तुमची दीड इंच खाली उतरलीये."

"ड्रॉप शोल्डर आहे ते." हा शब्द मी आदल्याच रात्री शिकलो होतो.

"चाळीस वर्षं शर्टाचं कटिंग केलंय मी. ड्रॉप शोल्डर वेगळा बेततात. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, खोल घेतात, बाहीचा माथा चपटा करतात. हा साधा शर्ट आहे, तुम्ही दोन नंबर मोठा उचललाय. छाती किती?"

"चाळीस."

"मग अंगासरशी शर्टाला चार इंच सैल पुरे. मोकळा हवा तर सहा, फार तर आठ. हे सैल छातीत आणि घेरात द्यायचं. खांदा तुमचा तोच राहतो ना? का तोही बदललाय?"

यावर उत्तर नव्हतं.

"हात वर करा."

मी केले. का केले ते आजही सांगता येणार नाही. शर्ट एवढा ढगळ, पण अख्खाच्या अख्खा वर चढला आणि बेंबी दुकानाला दिसली. "बघा," काका खूश. "मुंढा काखेपासून लांब गेला की हाताबरोबर सगळा शर्ट ओढला जातो. काखेजवळ असला की नुसती बाही हलते. आता बसा."

स्वतःचं स्टूल त्यांनी पुढे केलं. मी बसलो.

"पोट सोडा."

"काय?"

"मघापासून आत ओढून धरलंय. शर्ट श्वास सोडलेल्या माणसाला घ्यायचा असतो."

मी पोट सोडलं. घड्या घालणारा पोरगा घड्या घालायचा थांबला. स्वतःची ओळख पटण्याच्या प्रवासात हा टप्पा असतो, असं मला कोणी बोललं नव्हतं.

रंगाचाही निकाल लागला. दुकानात पिवळट दिवे होते. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा. अशा दिव्यांचा उजेड तीन हजार केल्विनच्या आसपासचा, बाहेरचा दुपारचा साडेपाच-सहा हजारांचा. आतल्या उजेडात मस्टर्ड उबदार दिसतो, काळा आणि गडद निळा तर वेगळे ओळखूच येत नाहीत. काकांनी मला दारापर्यंत नेलं आणि गालाशी कापड धरायला लावलं. कापडाचा रंग हनुवटीखालून वर उठतो, त्यामुळे चेहऱ्याजवळच्या रंगाची परीक्षा कायम दिवसाउजेडी घ्यावी. माझी झाली. मी कावीळ झाल्यासारखा दिसत होतो.

"हाच रंग पँटीत घ्या," काका म्हणाले. "तोंडापासून लांब." मग आवाज उतरवून, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"हे डोक्यात आल्याला. माझ्याकडे यायची अशी गिऱ्हाइकं. नोकरी सुटली, लग्न मोडलं, परीक्षा पास झाले, की नवं कापड घेऊन हजर. आता सगळं वेगळं शिवा म्हणायचे. मी गुपचूप शिवणीच्या आत माया दुप्पट सोडायचो."

"का?"

"सहा महिन्यांनी परत यायचे ना."

मला राग आला तो इथे. पोटाचा नव्हता आला एवढा.

राग येण्याचं कारण असं की काकांचं बरोबर होतं, आणि त्याला पुरावाही आहे. 2013 साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत छापून आला. 18 ते 68 वयाच्या 19 हजारांहून अधिक लोकांना त्यांनी विचारलं, की गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात आणि येत्या दहा वर्षांत किती बदलाल. जवळपास सगळ्या वयांचं उत्तर एकच. मागे पुष्कळ बदललो, पुढे फारसं काही नाही. म्हणजे प्रत्येकाला आपण आजच तयार झालोय असं वाटतं. विशीतल्या मलाही वाटलं होतं, आणि त्या भरात मी सहा करडे शर्ट घेतले होते. मस्टर्डच्या वेळी हातात तीन हँगर होते, ते का सांगू?

बरं, शिंप्याकडे निदान माया असायची. शिवणीच्या आत दडवून ठेवलेल्या कापडाला हा शब्द ज्याने दिला त्याला माणसं कळत होती. पँटीच्या मागच्या मधल्या शिवणीला दोन्हीकडे दीड-दीड इंच माया असली तर कंबर दोन इंच आरामात सैल होते. उसवल्यावर तिथे जुन्या सुईची भोकं आणि न विटलेली एक गडद पट्टी दिसते खरी, पण पट्ट्याखाली जाते. रेडिमेड शर्टाची बाजू उलटून बघा. शिवण दुमडून दोन टिपा मारलेल्या आणि आत जेमतेम सेंटिमीटरभर कापड. हा शर्ट आवळता येईल, सोडता येणार नाही. आणि खांदा आवळायचा म्हटलं तर बाह्या उसवा, मुंढे नव्याने कापा, पुन्हा बसवा. म्हणूनच अल्टरवाला "होत नाही" म्हणतो. होतं सगळं, त्याला परवडत नाही.

नंबरांबद्दल तर बोलायलाच नको. कापडाचे थरावर थर रचून एकदम कापतात, वरच्या आणि खालच्या थरात सुरी थोडी सरकते, शिवताना आणखी सरकते, आणि अर्धा इंच इकडेतिकडे चालवून घेतात. म्हणजे एकाच नंबराच्या दोन शर्टांत एक इंचाचा फरक पडू शकतो आणि दोन्ही शर्ट पास. लिनन आधी धुतलेलं नसेल तर पहिल्या धुण्यात तीन-चार टक्के आटतं, तीस इंच उंचीतला इंचभर तिथे जातो. लेबलावर काय, तर 'रिलॅक्स्ड'. मी तीन नंबर घालून पाहिले, तिन्ही वेगवेगळ्या माणसांचे निघाले, आणि शेवटी अपराधी कोण? मी. आरसा त्यांचा, दिवे त्यांचे, मापं त्यांची, आणि "सर, तुमची बॉडी थोडी वेगळी आहे" हे वरून.

असो.

एक नवी गोष्ट अंगावर आली की जुन्या सगळ्या विटलेल्या दिसायला लागतात, हे तर वेगळंच दुखणं. देनी दिदेरो या फ्रेंच लेखकाने 1769 मध्ये यावरच रडगाणं लिहून ठेवलंय. त्याला नवा कोरा लाल झगा मिळाला आणि त्यापुढे खोलीतली खुर्ची, टेबल, भिंतीवरची चित्रं, सगळं भिकार दिसू लागलं. एकेक करून त्याने ते बदललं आणि शेवटी जुन्या झग्याच्या आठवणीने हळहळत बसला. त्याच्याकडे निदान झगा घरात होता. मी अजून ट्रायल रूमच्या दारातच होतो आणि माझे बूट मला खटकायला लागले होते.

म्हणून कपाट एकदम रिकामं करणाऱ्यांपासून चार हात लांब राहावं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तीही ओळखीच्या बाकी कपड्यांवर. लेबल न काढता घरात दोन तास घालावी. बसावं, वाकावं, वरच्या फळीवरचं काहीतरी काढावं. घालून पाचव्या मिनिटाला दिसण्याचा विसर पडला तर ठेवावी. तासाभरातही खांद्याकडेच हात जात असेल तर परत करावी. टायमर लावून पाठीमागून एक फोटो काढावा, कारण पाठ आपल्याला कधीच दिसत नाही, बाकीच्यांना रोज दिसते. समोरून काढलेल्या फोटोवर मात्र फार विसंबू नये. आपल्याला आरशातल्या उलट्या चेहऱ्याची सवय असते, त्यामुळे सुलटा चेहरा थोडा वाकडाच वाटतो, आणि त्याचा राग शर्टावर निघतो.

हे सगळं शहाणपण घरी आल्यावरचं. दुकानात मी बेंबी झाकत उभा होतो, तेवढ्यात दुसऱ्या ट्रायल रूमचं दार उघडलं आणि काकू बाहेर आल्या. जांभळा कुर्ता, खांद्याची शिवण हाडाच्या चांगली दोन इंच खाली, बाह्या बोटांपर्यंत. मी काकांकडे पाहिलं. मनातल्या मनात हात चोळले.

"कसा दिसतोय?" काकूंनी विचारलं.

"छान," काका पर्सची चेन लावत म्हणाले. मान वर न करता. "एकदम छान. घेऊन टाक."

मी आत जाऊन दोन नंबर लहान शर्ट घातला. खांदा बरोबर हाडावर बसला, हात वर केले तर नुसत्या बाह्या हलल्या. रंग मात्र मी बदलला नाही. कावीळ तर कावीळ.