सबटायटल कुठल्या भाषेतले?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर परत तोच वाद झाला. भाच्याने एका इराणी सिनेमाची लिंक टाकली, आईने तो रात्री बघितला आणि सकाळी लिहिलं की फार संथ आहे रे, काही घडतच नाही. त्यावर त्याचं उत्तर, आजी तुला सिरियलींची सवय लागलीये, असा सिनेमा कळायला जरा लेव्हल लागते. आई गप्प बसली, नंतर काहीच लिहिलं नाही. मला ते वाचून खूप वाईट वाटलं आणि तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

मी तेरा वर्षं जर्मनीत राहते. इथे बाहेरचा बहुतेक सगळा सिनेमा जर्मनमध्ये डब होऊन येतो, आणि डबिंगसुद्धा इतकं जीव लावून करतात की एकेका नटाला वर्षानुवर्षं एकच आवाज असतो, रॉबर्ट डी निरो म्हटलं की इथल्या लोकांच्या कानात ख्रिस्तियान ब्रुकनरचाच आवाज येतो. मूळ भाषेतला, खाली सबटायटल असलेला खेळ बघायचा तर मुद्दाम शोधावा लागतो. माझ्या ऑफिसातले चांगले शिकलेले, भरपूर वाचणारे लोक सरळ सांगतात की दिवसभर काम करून आल्यावर मला पडद्यावर वाचायचं नाहीये. त्यांना कोणी लेव्हल विचारत नाही. आणि शेजारच्या नेदरलँड्समध्ये बघा, तिथे मोठ्यांचे कार्यक्रम सबटायटल लावूनच दाखवतात, लहानपणापासून तसंच बघितलंय म्हणून त्यांना त्याचं काहीच वाटत नाही. म्हणजे हा सगळा सवयीचा भाग आहे, बुद्धीचा नाही.

पण आपल्याकडचा प्रश्न ह्याच्याही पुढचा आहे आणि तो ह्या वादात कोणी बोलतच नाही. जर्मन माणसाला सबटायटल जर्मनमध्ये मिळतात, डच माणसाला डचमध्ये. माझ्या आईला फारसी सिनेमाचे सबटायटल इंग्लिशमध्ये मिळतात. ती मराठी झरझर वाचते, इंग्लिश वाचते पण थांबत थांबत, आणि ओळ तर दोनचार सेकंदांत जाते. मग ती अर्धी ओळ वाचते, तेवढ्यात चेहरा निसटतो, चेहरा बघायला जाते तर पुढची ओळ निसटते. ज्या सिनेमात सगळं काही नजरेतून आणि गप्प बसण्यातून सांगितलंय त्यात नेमकं हेच हातचं गेलं तर माणूस काय म्हणणार, काही घडत नाही असंच म्हणणार ना!

हे मी स्वतः अनुभवलंय. इथे आले त्या पहिल्या वर्षी एक फ्रेंच सिनेमा जर्मन सबटायटलवर बघितला होता, भाषा नुकती शिकत होते, आणि बाहेर आल्यावर मैत्रिणीला ठामपणे सांगितलं की ह्यात काही दम नाही. पाचेक वर्षांनी तोच सिनेमा परत बघितला आणि शेवटी रडले. मधल्या काळात माझी लेव्हल वाढली नव्हती, माझं जर्मन वाढलं होतं.

विनोदी सिरीजचं तर अजून अवघड. भाच्याला ब्रिटिश ‘द ऑफिस’ प्रचंड आवडते, २००१ची. त्याने ती माझ्या बाबांना लावून दिली आणि बाबा एकदाही हसले नाहीत म्हणून तो नाराज झाला. आता त्यात मागे हसण्याचा आवाज नाही, कुठे हसायचं हे सांगणारं म्युझिक नाही, कॅमेरा डॉक्युमेंटरीसारखा, आणि विनोद कशात, तर साहेब काहीतरी लाजिरवाणं बोलतो आणि समोरचे गप्प होतात त्यात. ती शांतता विनोदी वाटायला तिथल्या माणसांच्या बोलण्याची रीत ओळखीची असावी लागते. अमेरिकेने २००५मध्ये स्वतःची ‘ऑफिस’ काढली तेव्हा पहिला भाग जवळपास मूळच्या स्क्रिप्टवरच केला, पण दुसऱ्या सीझनपासून साहेबाला जरा मवाळ, जरा प्रेमळ करून टाकलं. जर्मनांनी त्याच धर्तीवर २००४मध्येच ‘श्ट्रोमबर्ग’ काढली, साहेब जर्मन, ऑफिस विमा कंपनीचं. ज्या अमेरिकेची भाषासुद्धा इंग्लिशच, तिलाही तो विनोद आपल्या ऑफिसात आणून बसवावा लागला, मग बाबांना हसू आलं नाही ह्यात कमीपणा कसला?

एवढं मात्र मी आईबाबांनाही म्हणेन की मला हसू आलं नाही हे एक, आणि ह्यात विनोदच नाही हे दुसरं. पहिलं तुमचं मत आहे आणि ते शंभर टक्के खरं आहे. दुसरं म्हणायच्या आधी अजून दोन भाग बघा.

मे महिन्यात घरी गेले तेव्हा आईसोबत तो इराणी सिनेमा परत लावला. मी शेजारी बसून ओळी मराठीत सांगत गेले, तिने वाचायचंच नाही, फक्त बघायचं असं ठरवलं. दोनदा पॉज करायला लावून तिने मला त्या बाईच्या हातांकडे बघ म्हणून दाखवलं, जे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. संपल्यावर म्हणाली मधला गाडीतला भाग अजूनही लांबलाय. हे मत मला फार आवडलं, कारण आता ती सिनेमाबद्दल बोलत होती.

मग मी तिला ‘डिनर फॉर वन’ दाखवलं. जर्मन टीव्हीने १९६३मध्ये हॅम्बुर्गला रेकॉर्ड केलेली अठराएक मिनिटांची इंग्लिश नाटुकली, इथे दर ३१ डिसेंबरला लागते, आणि सगळं डब करणारा हा देश ती इंग्लिशमध्येच बघतो. नव्वदीच्या बाईंचा वाढदिवस, चारही पाहुणे केव्हाच वारलेले, त्यांच्या वाटची दारू बटलर पितो आणि जाता-येता वाघाच्या कातड्याच्या डोक्याला अडखळतो. ह्यावेळी मी एक शब्द सांगितला नाही. तो अडखळायचा तेव्हा आई हसतच होती, पण एका फेरीला तो न अडखळता सरळ पुढे गेला आणि स्वतःच चकित होऊन मागे वळून बघायला लागला, तिथे तिला हसू आवरेना, पदर तोंडाला लावून म्हणाली, थांब, तेवढं परत दाखव.