वेळ रिकामी, दुकान बंद

माणसाच्या कामांचं वेळापत्रक आपोआप लावून देणारी जी सॉफ्टवेअर हल्ली निघाली आहेत, ती लिहिणाऱ्यांच्या गावात दुकानं दुपारीही उघडी असतात, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. त्यांच्याकडे प्लंबर सांगितल्या वेळेला येत असणार. आणि त्यांना आत्या नसणार.

मला हे सॉफ्टवेअर हिंजवडीच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सुचवलं. तिशीच्या आतला, अविवाहित, दोन्ही वेळचं जेवण बाहेरून मागवणारा. "सर, तुम्ही फक्त कामं टाकायची. वेळ तो शोधतो." तसे माझ्यासाठी वेळ शोधणारे घरात आणि सोसायटीत कमी नाहीत. आई आहे, बायको आहे, सेक्रेटरी काका आहेत. पण त्यांचा एकमेकांशी ताळमेळ नाही. तेवढा जमला तर बघू, म्हणून घेतलं.

पद्धत साधी आहे. काम लिहायचं, त्याला किती वेळ लागेल ते सांगायचं, मुदत आणि महत्त्व सांगायचं, आपण कोणत्या तासांत मोकळे असतो तेही सांगायचं. मग ते तुमच्या मीटिंगा वगळून कॅलेंडरातल्या रिकाम्या जागा हेरतं आणि तिथे कामं बसवतं. मोठं काम असेल तर त्याचे तुकडे पाडतं. एखादं काम राहिलं तर चिडत नाही, टोमणे मारत नाही. निमूटपणे पुढची जागा शोधतं आणि सगळी मांडणी पुन्हा करतं. हा भाग मला मनापासून आवडला. आमच्याकडे एखादं काम राहिलं की आधी त्यावर चर्चा होते, आणि त्या चर्चेत आमच्या लग्नात राहून गेलेल्या कामांचाही आढावा घेतला जातो.

पहिली गोची 'किती वेळ लागेल' या रकान्यात झाली. आपल्याला किती वेळ लागेल याचा माणसाचा अंदाज नेहमी कमीच निघतो, हे डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ सालीच लिहून ठेवलं आहे. पुढे १९९४ मध्ये काही संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? पोरांचा सरासरी अंदाज होता ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५च्या वर. आता प्रबंध हा निदान एकट्याने लिहायचा असतो. मी लिहिलं होतं : 'बँक, केवायसी, १५ मिनिटं.' त्यातली १५ मिनिटं काउंटरवरच्या बाई आपलं पेन शोधत होत्या, जे मी आधीच परत केलेलं होतं.

पण खरी लढाई झाली ती दळणावर.

'दळण, ३० मिनिटं, महत्त्व : उच्च' असं मी टाकलं. महत्त्व आईने सांगितलं होतं. शनिवारी सॉफ्टवेअरने ते दुपारी सव्वा वाजता बसवलं. का? तर ती वेळ रिकामी होती. आता दुपारी सव्वा वाजता माझी वेळ रिकामी असते, कारण त्या वेळी सबंध पेठ भागात काहीही करता येत नाही. मोठ्या दुकानांनी अलीकडे दुपारीही उघडं ठेवायला सुरुवात केली असेल. आमच्या गिरणीवाल्या काकांपर्यंत ते वारं पोचलेलं नाही. एक ते चार शटर खाली. दुकान बंद म्हणून मला वेळ आहे आणि मला वेळ आहे म्हणून सॉफ्टवेअर मला दुकानात पाठवतं, अशी ती गंमत. पंधरा किलो गव्हाचा डबा स्कूटरवर पायांत धरून मी बंद शटरपुढे उभा होतो आणि खिशातला फोन विचारत होता, 'काम पूर्ण झालं का?'

'नाही' म्हटल्यावर त्याने शहाण्या मुलासारखं दळण पुढे सरकवलं. गुरुवार, सकाळी साडेनऊ. पुण्यात गुरुवारी वीज आणि पाणी या दोघांचीही देखभाल-दुरुस्ती निघते, हे कॅलिफोर्नियातल्या पोरांना कोण सांगणार! गिरणी अंधारात. काका बाहेर स्टुलावर बसून पेपर वाचत होते. माझ्याकडे, मग डब्याकडे बघून म्हणाले, "आज गुरुवार आहे." बास, इतकंच. पुणेरी माणसाला वाराचं नाव घेऊनही अपमान करता येतो.

शेवटी एका संध्याकाळी गिरणी चालू, वीज चालू, काका पांढऱ्या भुवयांनिशी हजर.

"आत्ता ज्वारी चालू आहे," काका म्हणाले. "गहू सकाळी."

"पण माझ्याकडे आत्ता साडेसहा ते सातचा स्लॉट आहे."

"मग बसा साडेसहा ते सात. दळण सकाळीच होईल."

त्यांचंही बरोबर आहे. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. मधेच धान्य बदललं की आधीचं पीठ जात्यात राहतं आणि पुढच्याच्या डब्यात जातं. उपवासाची भाजणी गव्हावर टाकली तर तो उपवास मोडल्याचं पाप गिरणीच्या माथी. म्हणून काका सगळे गहू एकत्र घेतात, मग सगळी ज्वारी, मग बाजरी, आणि भाजणीला स्वतंत्र वार. कामांच्या क्रमाचं जे गणित आहे, त्यात हा प्रश्न अगदी छळवादी समजला जातो : एका कामानंतर दुसरं घेताना यंत्र साफ करण्यात वेळ जातो, आणि तो वेळ कोणतं काम कोणामागून येतं यावर अवलंबून असतो. कामं वाढली की सर्वांत चांगला क्रम शोधता शोधता संगणकाचीही दमछाक होते. काका तो रोज सकाळी बिडी संपायच्या आत लावतात.

त्यात तिथे एक बाई आल्या. काकांनी पिशवी हातात तोलली. "किलोभरच ना? ज्वारीच आहे ना? द्या." आणि माझ्या डोळ्यांदेखत ती मधेच टाकली. मला राग आला, पण हेही शास्त्रशुद्धच होतं. एकच यंत्र असेल तर छोटी कामं आधी उरकावीत, त्याने सगळ्यांची मिळून सरासरी वाट पाहणी कमीत कमी होते, हे १९५६ साली स्मिथ नावाच्या गणितज्ञाने सिद्ध केलं. त्याच्या आदल्याच वर्षी जॅक्सन नावाच्या दुसऱ्याने दाखवलं होतं की ज्याची मुदत आधी संपते ते काम आधी केलं, तर कुणाचाच उशीर हाताबाहेर जात नाही. मी जॅक्सनच्या बाजूचा होतो, कारण घरात पीठ संपलं होतं. काका स्मिथच्या.

"मग नक्की किती वाजता होईल? मला त्यात टाकावं लागतं," मी फोन दाखवत म्हटलं.

"ठेवून जा. झालं की घेऊन जा."

या वाक्याला जगातल्या कोणत्याही कॅलेंडरात जागा नाही. 'सुरुवात' आणि 'शेवट' हे दोन्ही रकाने भरल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे जाऊ देत नाही.

आईचा या प्रकारावर पहिल्यापासून विश्वास नव्हता. तिचं सगळं वेळापत्रक भिंतीवरच्या कालनिर्णयवर असतं. गॅसचा नंबर कधी लावला, दुधाचे खाडे किती, मोलकरणीने कधी दांडी मारली, सगळं त्या चौकोनांत. तिने एकच परीक्षा घेतली. "त्याला अमावास्या कळते का?" मी सेटिंगमध्ये शोधलं. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत सुट्टी असते हे त्याला तोंडपाठ होतं. अनंत चतुर्दशीच्या दुपारी लक्ष्मी रोडवर स्कूटर नेता येत नाही, हे माहीत नव्हतं. तिच्या समाधानासाठी मी राहुकाळाचे दीड-दीड तास बंद करून टाकले. सोमवारी साडेसात ते नऊ, शनिवारी नऊ ते साडेदहा, बुधवारी बारा ते दीड. गुरुवारचा नेमका दीड ते तीन. म्हणजे आठवड्यातून एकदा तरी दुपारच्या झोपेला शास्त्राचा पाठिंबा आहे, हे मी गिरणीवाल्या काकांना मुद्दाम सांगितलेलं नाही.

लक्ष्मी रोडवरून शिंप्याकडचे ब्लाऊज आणायचं कामही त्याने चोख लावलं होतं, प्रवासाची वीस मिनिटं वेगळी धरून. पार्किंग धरलं नव्हतं. सम तारखेला रस्त्याची एक बाजू, विषम तारखेला दुसरी. त्यात ३१ नंतर १ येते, दोन्ही विषम, त्यामुळे महिना बदलताना बाजू बदलत नाही. हे लक्षात न ठेवणाऱ्याची गाडी उचलली जाते. ब्लाऊज अर्थातच तयार नव्हते. "फक्त हुक राहिलेत." हुक लावायला किती मिनिटं धरू, असं मी विचारणार होतो, पण शिंप्याच्या हातात कात्री होती.

मग स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. प्लंबर फोनवर म्हणाला, "संध्याकाळी येतो साहेब." मी पाच ते नऊ अडवून ठेवले. सॉफ्टवेअरने मान डोलावली आणि त्या चार तासांतली सगळी कामं उचलून नऊच्या पुढे लावली. प्लंबर आला नाही, तो भाग वेगळा. पण रात्री सव्वाअकराला माझ्यापुढे काम होतं : 'माळ्यावरचे डबे काढणे.' मी खरंच शिडी लावली. खालच्या मजल्यावरून सेक्रेटरी काकांनी काठीने छत ठोकलं. बायको अंथरुणातून म्हणाली, "अरे, ते यंत्र आहे. तुला तरी कळायला हवं ना?" प्लंबर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आला. मी तेव्हा ऑफिसच्या कॉलवर, कॅमेरा चालू ठेवून, 'एकाग्र काम' नावाच्या निळ्या चौकोनात होतो. बाथरूमची टाकी कुठली, एवढं विचारायला तो पान्हा घेऊन माझ्या मागे उभा राहिला. आमच्या शिकागोच्या साहेबांना त्याचं नाव अजून आठवतं.

आत्याचं प्रकरण मात्र हाताबाहेर गेलं.

आत्या नारायण पेठेत राहते. तिला फोन करणं हे काम मी 'एक तास' म्हणून टाकलं. खोटं कशाला बोला. सॉफ्टवेअरला सलग तासभर मिळेना, म्हणून त्याने तुकडे पाडले. 'आत्याला फोन (१/३)', वीस मिनिटं. पहिल्या वीस मिनिटांत आत्या गुडघ्यापासून निघाली, डॉक्टरांवरून डॉक्टरांच्या सुनेवर आली, आणि ती सून मूळची कुठली हे सांगत असतानाच फोन थरथरला : 'पुढील काम : वीजबिल.'

"आत्या, थांबू का? उरलेलं बुधवारी सकाळी सव्वाआठला."

पलीकडे शांतता. आत्याच्या फोनवर मी ती पहिल्यांदाच ऐकली.

"बुधवारी म्हणजे? मी काय सिरियल आहे का रे?"

बुधवारी तिने फोन उचलला नाही. सॉफ्टवेअरने २/३ गुरुवारी टाकला, मग शुक्रवारी, मग लाल केला आणि वर पट्टी लावली : 'हे काम मुदतीत पूर्ण होण्याची शक्यता नाही.' हे आईला तर केव्हाच कळलं होतं. आत्याने तिला सलग दीड तास फोन केला होता.

समेट बायकोने घडवला. या सॉफ्टवेअरात एक लिंक मिळते. ती कुणाला पाठवली की त्याला तुमच्या मोकळ्या वेळा दिसतात आणि तो हवी ती स्वतः बुक करू शकतो. ऑफिसच्या लोकांसाठी केलेली सोय. बायकोने ती आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवली, आणि आत्याच्या नातवाने आजीला कुठे बोट ठेवायचं ते दाखवलं. शनिवारी रात्री मला सूचना आली. दर रविवारी, दुपारी एक ते चार, पुढची सूचना मिळेपर्यंत. 'विषय' या रकान्यात तिने नातवाकडून लिहून घेतलं होतं, 'काही नाही, सहज.'

मी नाकारण्यासाठी बटण शोधलं. त्याआधीच सॉफ्टवेअरने ते स्वीकारलं होतं. वेळ रिकामी होती.