सिंहनृत्य टिकवायचे असेल तर सिंह बांधणाऱ्याला काम मिळाले पाहिजे

गेल्या महिन्यात माझ्या मुलाच्या सिंहनृत्य संघाने (दोन माणसे एकाच सिंहाच्या वेशात नाचतात ते हे चिनी नृत्य) त्या वेशातले सिंहाचे एक जुने डोके टाकून द्यायचे ठरवले. जबड्याजवळची एक कामटी मोडली होती, कपाळावरचा कागद दोन ठिकाणी फाटला होता आणि एका पापणीची दोरी तुटली होती. नवे डोके ऑनलाइन मागवले की थोड्याच दिवसांत घरपोच येते, मग दुरुस्तीच्या मागे कशाला लागायचे, असे प्रशिक्षकांचे म्हणणे होते. मी ते डोके मागून घेतले आणि हाँगकाँगच्या शाम शुई पो भागात कागदकाम, म्हणजे बांबू-कागदाच्या वस्तू, करणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे नेले. इथे येऊन आम्हाला नऊ वर्षे झाली, दर नववर्षाला रस्त्यात थांबून हे नृत्य पाहिले, पण ते डोके आतून कसे असते हे मी त्या दुपारी पहिल्यांदाच पाहिले.

सिफूंनी (इथे गुरूला आणि जाणत्या कारागिराला असेच म्हणतात) डोके उलटे करून दिव्याखाली धरले. आत बांबूच्या बारीक कामट्यांची दाट जाळी होती आणि तिच्यात कुठेही खिळा नव्हता. एक चिवट, पातळ कागद असतो, त्याची अरुंद पट्टी कापायची, तिला खळ लावायची, चिमटीत पिळायची आणि दोन कामट्यांच्या सांध्याभोवती घट्ट गुंडाळायची. खळ वाळली की सांधा जागचा हलत नाही. लहानपणी आकाशकंदील करताना आम्ही कामट्या दोऱ्याने बांधायचो आणि गाठ सरकून चौकट नेहमी तिरकी व्हायची, ते मला आठवले. सिफूंनी मोडलेली कामटी अलगद सोडवली, नवी कामटी तासली, ती बोटांत वाकवून पाहिली आणि पुन्हा थोडी तासली. असे त्यांनी चार-पाच वेळा केले. माप घेतले नाही. जबडा मिटताना ती कामटी किती ताण घेईल, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते.

या कामाचे परंपरेने चार टप्पे मानतात: सांगाडा बांधणे, त्यावर कागद आणि तलम कापड चढवणे, रंगवणे आणि शेवटी सजावट बसवणे. रंगवण्याच्या टप्प्याला कँटोनीज भाषेत 'लिहिणे' असा शब्द आहे आणि तो मला फार समर्पक वाटतो, कारण कपाळावरच्या, गालांवरच्या त्या वळणदार रेषा एका दमात, हात न उचलता ओढाव्या लागतात. सजावटीत लोकर, दाढी, कपाळावरचा आरसा आणि तारेच्या स्प्रिंगवर डुलणारे गोंडे येतात. वाईट शक्तीला स्वतःचेच रूप दिसावे आणि तिने पळ काढावा, म्हणून तो आरसा असतो.

दक्षिण चीनमधल्या सिंहाच्या दोन मुख्य घडणी आहेत. फोशानच्या सिंहाचे शिंग टोकदार आणि वळलेले असते, तर हेशानच्या सिंहाचे तोंड बदकाच्या चोचीसारखे पुढे आलेले आणि शिंग सरळ असते. चेहऱ्यांना चीनच्या इतिहासातल्या 'तीन राज्यांच्या' काळातल्या वीरांची नावे आहेत: पिवळा, पांढऱ्या दाढीचा सिंह लिऊ पेई, लाल चेहऱ्याचा, काळ्या दाढीचा क्वान यू आणि काळा, आखूड दाढीचा, रागीट सिंह चांग फेई. आपल्या मुंबईत माझगावला १९१९ साली बांधलेले 'सी यप कून' नावाचे चिनी मंदिर आहे, तिथले दैवत हाच क्वान यू. 'सी यप' म्हणजे दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातले चार तालुके. तिथून आलेल्या लोकांनी ते मंदिर उभारले आणि हेशान त्या तालुक्यांच्या शेजारीच आहे. मी मुंबईत वाढलो, तरी हे मला इथे आल्यावर कळले, याची खंत वाटते.

आता माझे म्हणणे. सिंहनृत्य आज अडचणीत नाही. उलट त्याला चांगले दिवस आले आहेत. मलेशियात गेंटिंगला १९९४ साली सुरू झालेल्या जागतिक स्पर्धेने उंच खांबांवरच्या नृत्याला मोठा मान मिळवून दिला. अशा उड्या मारायच्या तर डोके हलके हवे, म्हणून ॲल्युमिनियमसारखी सामग्री वापरात आली आणि त्याला माझा विरोध नाही. दोन मुले खांबावरून खांबावर झेप घेत असताना पुढच्याच्या हातांवर जड डोके असावे, असे कोणता बाप म्हणेल? माझा आक्षेप वेगळा आहे. स्पर्धेसाठी बनवलेली हलकी, ठरावीक साच्याची डोकी आता मिरवणुकीला, दुकानाच्या उद्घाटनाला आणि शाळेच्या कार्यक्रमालाही वापरली जातात, आणि जिथे बांबूचे डोके आनंदाने नाचले असते तिथूनही त्याची हकालपट्टी झाली आहे.

सरकारी मान्यता मिळालेली आहे. चीनच्या राष्ट्रीय वारसा यादीत २००६ साली सिंहनृत्य आले, २००८ साली फोशानचे सिंहाचे डोके बनवण्याची कला आली, आणि हाँगकाँगने २०१७ साली जाहीर केलेल्या वीस वारसा घटकांच्या यादीत कागदकाम आहे. त्या याद्यांचे मोल मी कमी मानत नाही. पण यादीने कारागिराच्या दारात गिऱ्हाईक येत नाही. मी गेलो त्या दुकानाचा चरितार्थ मृतांसाठी जाळायच्या कागदी वस्तूंवर चालतो, सिंहाचे काम अधूनमधूनच येते. शिकायला आलेल्या तरुणाला नुसती कामटी नीट चिरता येईपर्यंत जो काळ लागतो, त्या काळात त्याने खायचे काय, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही यादीत नाही.

म्हणून मला वाटते की ही जबाबदारी प्रथम नृत्यसंघांची आहे. बांबूचे डोके उघडून पुन्हा बांधता येते, हा त्याचा मोठा गुण आहे. दुरुस्तीतून कारागिराला वर्षभर थोडे थोडे काम मिळते आणि शिकाऊ माणसाला हात बसवायला जुनी डोकी मिळतात. संघाकडे पैसे नसतात ही सबब मला अर्धीच पटते. नववर्षाच्या दिवसांत सिंह दारोदार जाऊन कोबीसारख्या हिरव्या पाल्याबरोबर पैशांची लाल पाकिटे घेतो, त्यातला ठरावीक वाटा डोक्यांच्या डागडुजीसाठी बाजूला काढणे अशक्य नाही.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. नवा सिंह नाचण्यापूर्वी त्याच्या डोळ्यांत लाल रंगाचा ठिपका देतात, आणि तेव्हा सिंह जागा होतो असे मानतात. आपल्याकडे मूर्तीची प्राणप्रतिष्ठा असते तसाच हा भाव आहे. मी पाहिलेल्या प्रत्येक सोहळ्यात हा ठिपका देण्याचा मान पाहुण्यांना मिळाला, आणि ज्याने ते डोळे घडवले तो माणूस मंचावर तर नव्हताच, त्याचे नावही कुणी घेतले नाही. पाहुण्यांना मान द्यावा, जरूर द्यावा, पण त्यांच्या शेजारी कारागिराला उभे करायला काय खर्च येतो?

सिफूंनी आमचे डोके अकरा दिवसांत परत दिले. कपाळावरच्या जुन्या रेषा जिथे तुटल्या होत्या तिथे त्यांनी नव्या रेषा अशा जुळवल्या आहेत की बोट फिरवल्याशिवाय जोड सापडत नाही. पैसे घेण्याआधी त्यांनी विचारले, "हे कोण धरणार आहे?" मुलगा बारा वर्षांचा आहे असे सांगितल्यावर त्यांनी त्याला बोलावून घेतले, त्याचे हात मोजले आणि आतली धरायची आडवी काठी त्याच्या हातांना बेताची होईल अशी दोन बोटे खाली बांधली.

संघाची बैठक पुढच्या रविवारी आहे. दुरुस्तीच्या निधीचा ठराव मी लिहून ठेवला आहे, आणि ठरावासोबत ते डोकेही घेऊन जाणार आहे.