गोत्राला वास नसतो, काका

काकांचा तो फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला तेव्हाही मी गप्प होते. पण काल वहिनीचा फोन आला: पुतणीची लग्नाआधीची रक्ततपासणी रद्द केली म्हणे, "गोत्र वेगळं आहे ना, मग कशाला?" आता गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो, प्रत्येक गोत्राचा जनुकांनी ठरवलेला वास असतो. उंदीर त्या वासावरून आपलं गोत्र टाळतात, स्वित्झर्लंडमध्ये माणसांवरही हे सिद्ध झालंय आणि परफ्यूममुळे घटस्फोट वाढलेत.

गोत्र येतं बापाकडून. वासाशी ज्यांचा संबंध जोडतात ती प्रतिकारशक्तीची एचएलए जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात, एक संच आईचा, एक वडिलांचा. आईचा संच या मेसेजवाल्यांनी कुठे टाकला? मामाची मुलगी घ्या. गोत्र वेगळं, कित्येक जातींत लग्नही चालतं, आणि तरी एकाच आजीआजोबांकडून आलेली जवळजवळ आठवा हिस्सा जनुकं दोघांत सारखी! बरं, लग्न लागलं की मुलगी नवऱ्याच्या गोत्रात जाते. मग तिचा वासही मांडवातच बदलतो का?

उंदरांचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य. लिव्हरपूलच्या संशोधकांनी घरउंदीर मोठ्या बंदिस्त जागेत मोकळे सोडले आणि कोणाची कोणाशी पिल्लं होतात ते जनुकं तपासून पाहिलं (2007). नातलग टाळले जात होते, पण ते मुतातल्या एमयूपी नावाच्या प्रथिनांच्या सारखेपणावरून. प्रतिकारशक्तीच्या जनुकांचा तिथे परिणाम दिसला नाही. माणसात ते एमयूपी जनुक एकच उरलंय, तेही मोडकं. म्हणजे उंदराची ही खूण आपल्याकडे नाहीच.

स्विस प्रयोग म्हणजे बर्नमधला, 1995 चा. 44 मुलांनी दोन रात्री घातलेले टी-शर्ट 49 मुलींनी हुंगले. एचएलए वेगळं असलेल्यांचा वास त्यांना बरा वाटला, पण गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींचं नेमकं उलट! हा भाग मेसेजमधून गळलाय. आणि टी-शर्ट आवडणं म्हणजे संसार जमणं नव्हे.

घटस्फोटाच्या मुद्द्याला उत्तर देत नाही. आई झबल्याच्या वासावरून बाळ ओळखते, असंही मेसेजवाले सांगतात. ते खरं, पण त्याचा गोत्राशी काय संबंध?

राहिली तपासणी. थॅलसेमिया हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. थॅलसेमिया मायनर असलेला माणूस, म्हणजे नुसता वाहक, धडधाकट दिसतो. दोघेही बीटा थॅलसेमियाचे वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलसेमिया मेजर, म्हणजे त्याचं गंभीर रूप, असण्याची शक्यता 25 टक्के. कोण वाहक आहे ते कळतं एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) च्या रक्ततपासणीत. गोत्र विचारून नाही आणि हुंगून तर नाहीच.

वहिनीला लॅबची वेळ परत घ्यायला लावलीय. मुलाचीही तपासणी हवी. त्यांच्याकडे विषय कोणी काढायचा, यावर घरात अजून खल चालू आहे.